सांगलीच्या गाडीच्या चार तारा

गाडीचा धूर इंजिनातून सरळ मागच्या नळीत येतो, असं बहुतेकांना वाटतं. तो आधी इंजिनाला चिकटलेल्या मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून पाइपात, पाइपातून सायलेन्सरमध्ये आणि मग बाहेर पडतो. कंपनीतून आलेल्या गाडीत हे सगळं जिथल्या तिथे असतं, त्यामुळे मालक कधी खाली वाकून बघत नाही. पण मूळ इंजिन काढून दुसरंच बसवलं की पहिली अडचण धुराची येते. इंजिनाच्या तोंडासमोर कधी चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पट्टा आडवा येतो, कधी स्टिअरिंग. त्या अडचणीतून पाइप बाहेर कसा काढायचा, यावर आमचं घर चालत होतं.

नव्वदनंतर साताऱ्याकडे इंजिनं बदलायची लाटच आली. जुनी पेट्रोलची जीप घ्यायची, तिच्यात डिझेलचं इंजिन घालायचं आणि ती वडापला, म्हणजे गावोगाव भाड्याने माणसं न्यायला, लावायची. फलटण, कोरेगाव, कुठेही जा, माणसं आत, टपावर आणि मागच्या फळीवर. त्या जीपना नवे मॅनिफोल्ड आणि नवे पाइप लागत. आमची पत्र्याची शेड कोरेगावच्या रस्त्याला होती. वर पाटी होती, ‘सायलेन्सर व गॅस वेल्डिंग’. आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात गाड्यांच्या दुरुस्तीवर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण साताऱ्यात लष्करातून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसे तेही मेजर झाले होते.

मी शेडमध्ये कशी आले ते थोडक्यात सांगते. माझं लग्न सांगलीत झालं होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि मला दोन ट्रंका देऊन साताऱ्याला पोचवलं. दोन्ही ट्रंका माझ्याच होत्या. आईने जे रडायचं ते रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, “गॅस पेटवाय येतो का?”

“स्वयंपाकाचा येतो.”

“मग ह्यो पण यील. चल.”

शेतात बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, तसा मी आबांचा जुना लष्करी शर्ट साडीवर घातला आणि गेले. वर्षभरात टाके मारायला शिकले, मग पुरतं वेल्डिंग, मग पाइप वाकवणं. पाइप नुसता वाकवला तर आतल्या बाजूने चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि धूर तिथे अडतो. म्हणून आत वाळू ठासून भरायची. वाळू चाळलेली आणि भाजलेली हवी. ओली राहिली तर आत वाफ होते आणि टोकाचं लाकडी बूच गोळीसारखं उडतं. मी वाळू लोखंडी पाटीत रव्यासारखी भाजत असे. गिऱ्हाइकांना त्याचं फार हसू यायचं.

“मेजर, शिरा कवा व्हायचा?” एक वडापवाला रोज विचारायचा.

“तुझं तोंड गोड झाल्याबिगर न्हाई व्हायचा,” आबा म्हणायचे.

दुसरा कुणी पाइप वाजवून बघायचा आणि म्हणायचा, “आवं, बाईनं जोडलेला. फलटणपातुर टिकंल का?”

“गळून पडला तर घेऊन ये,” आबा सांगायचे.

घेऊन कुणी आलं नाही. पण मला कुणी चांगलं म्हटल्याचंही आठवत नाही. काम चांगलं झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, “मेजरच्या शेडात केलं.” मला त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. घरात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे “सासरचं काय म्हणतात?” हे प्रश्न झेलण्यापेक्षा शेड बरी होती.

आता तारांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. दुसऱ्या इंजिनाला पाइप करायचा तर त्याचा आकार कागदावर काढून भागत नाही. गाडीखाली निजायचं, जाड तार इंजिनाच्या तोंडाला लावायची आणि जिथून वाट मिळेल तिथून ती वाकवत न्यायची. चासीपासून बोटभर अंतर, स्टिअरिंगच्या दांड्यापासून दोन बोटं. चाक दोन्हीकडे पुरतं वळवून बघायचं, कारण चाक वळलं की तो दांडाही सरकतो. मग तार काढून आणायची आणि तिच्यावर पाइप वाकवायचा. इंजिनाकडचं टोक वाकवून आम्ही हुकासारखा आकडा करत असू, म्हणजे उलटसुलट होत नसे. तारा शेडमध्ये खिळ्यांना टांगलेल्या असत. परक्या माणसाला तो वाकड्यातिकड्या भंगाराचा ढीग वाटला असता. पण आमच्या हिशेबाने गाडी गावी उभी असली तरी तिचं पोट आमच्या भिंतीवर होतं.

माझा धाकटा भाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत टेंपररी होता. ते काम सुटलं आणि तोही शेडमध्ये येऊ लागला. वाईट स्वभावाचा नव्हता. गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात, चहा मागवण्यात आणि वेल्डिंगचे रॉड आणायला गावात जाण्यात त्याचा दिवस जायचा. गाडीखाली निजायला त्याला आवडत नसे. त्याच्या बायकोलाही ते आवडत नसे, कपडे तिला धुवावे लागत.

अशात सांगलीहून एक द्राक्षबागायतदार आले. त्यांना घाट चढायच्या शर्यतीत गाडी उतरवायची होती. घरातल्या जुन्या पेट्रोल गाडीत त्यांनी दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन बसवून घेतलं होतं. धुराला वाटच नव्हती, त्यामुळे गाडी जागेवरून हलवता येत नव्हती. त्यांना साधा मॅनिफोल्ड नको होता. इंजिनाच्या चार तोंडांना चार वेगळे पाइप, चारही सारख्या लांबीचे आणि पुढे चारांचा एक. असं केलं की धूर एकमेकांच्या पायात येत नाही आणि इंजिनाला दम लागत नाही.

आबा आणि मी एसटीने सांगलीला गेलो. लग्न मोडल्यानंतर त्या गावात मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. स्टँडवर उतरताना पदर सारखा करून बघितला आणि सरळ चालू लागले. बागायतदारांच्या गॅरेजमध्ये पोत्यावर निजून मी चार तारा वाकवल्या. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तेच केलं. तिसरी तार फार हट्टी होती. तिची वाट स्टिअरिंगच्या दांड्याखालून होती, वळवलं की अडायची. शेवटी तिला खालून एक वेढा देऊन बाहेर काढली.

बागायतदार शेजारी खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, “मेजर, सांगलीत हे काम करणारं कोणी नाही. ही गाडी नीट झाली तर माझ्या गॅरेजच्या कडेची जागा तुम्हाला देतो. शेड टाका. माझ्या ओळखीच्यांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर तुमच्याकडेच येतील.”

परतीच्या एसटीत आबा खिडकीपाशी होते. कऱ्हाडच्या पुढे आल्यावर म्हणाले, “ह्यो जॉब बसला की सांगलीची शेड तुझी. साताऱ्याची पोराला. दोघं बी मार्गी लागशीला.”

“नक्की?”

“जबान दिली.”

मी रडणारी नाही, तेव्हाही रडले नाही. पण साताऱ्याचा स्टँड येईपर्यंत मनात ती शेड उभी करून झाली होती. दरवाजा कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी कुठे, मागे निजायला एक खोली. घरात माझं अंथरूण स्वयंपाकघर आणि पडवीच्या मधल्या बोळात असे आणि पहाटे सगळ्यांच्या आधी ते गुंडाळावं लागे. ज्या गावाने मला ट्रंकांसकट परत पाठवलं, तिथेच माझ्या शेडचा पत्रा चमकणार होता. मला एवढंच हवं होतं.

चार तारा मी वेगळ्या खिळ्याला लावल्या. हव्या त्या जाडीचा पाइप पुण्याहून यायचा होता, तो दसऱ्यानंतर मिळणार होता. तोवर मी जाड प्लेट कापून इंजिनाला बसणारा फ्लँज केला आणि त्याची भोकं पाडली.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. घण, करवती, पाने, गॅसचं पिस्तूल, सगळं घासूनपुसून ओळीने मांडायचं, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे. दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी मी घरी आईबरोबर पुरणाच्या तयारीत होते आणि शेड झाडायचं काम भावाकडे होतं. त्याने ते मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. सकाळी आम्ही सगळे गेलो तेव्हा शेड ओळखू येत नव्हती. जमीन सारवलेली, भिंती झाडलेल्या, दारावर आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं जाडजूड तोरण.

माझं लक्ष खिळ्याकडे गेलं. खिळा रिकामा होता.

“इथल्या तारा कुठायत?”

“त्या व्हय?” भाऊ हसत तोरणाकडे बघून म्हणाला. “दोऱ्यात तोरण लोंबतंय गं आक्का. तारंत कसं ताठ बसलंय बघ. वाकड्या हुत्या, सरळ केल्या.”

त्याने चारही तारा हातोडीने ठोकून सरळ केल्या होत्या, एकीला एक पिळून दाराएवढी लांबी केली होती आणि तिच्यात झेंडू ओवला होता. भिंतीवर बाकी वीसेक तारा होत्या. त्या काळ्या पडल्या होत्या म्हणून सोडल्या. या नव्या होत्या, चकचकीत होत्या, पूजेला शोभतील अशा होत्या.

“त्या सांगलीच्या गाडीच्या होत्या,” मी म्हटलं.

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. “आवं वन्सं, त्यावर गाडीचं नाव लिवलं हुतं व्हय?”

“टोकाला आकडे होते.”

“मला वाटलं टांगायला केल्यात,” भाऊ म्हणाला. आता तो हसत नव्हता.

आबा ताट घेऊन उभे होते. “पूजेच्या दिवशी कटकट नको. तार हाय, परत वाकवता यील.”

“मी दसऱ्यानंतर जाते सांगलीला.”

आबांनी जरा विचार केला. मग मोठा न्याय केल्यासारखे म्हणाले, “त्यानं घोटाळा केला, तोच निस्तरंल. सांगलीला तो जाईल.” आणि हातातलं ताट त्यांनी त्याच्याकडे दिलं. “कर पूजा. माझी कंबर वाकत न्हाई आता.”

तोवर दर वर्षी पूजा आबा करत. भावाने गॅसच्या पिस्तुलाला हळदकुंकू लावलं, माझ्या घणाला लावलं, मी कापलेल्या फ्लँजलाही लावलं. सगळ्यांनी नमस्कार केला, मीही केला. त्याच्या चुकीची शिक्षा म्हणून माझं काम त्याला मिळालं होतं, आणि सण असल्यामुळे बोलायची सोय नव्हती.

दसरा झाल्यावर तो सांगलीला जाऊन आला. चार तारा आणल्या. मी तिसरी तार हातात घेतली. तिला खालचा वेढाच नव्हता.

“चाक दोन्हीकडं वळवून बघितलंस?”

“व्हय की.”

“पुरतं?”

“बघितलं म्हंतो न्हवं! तुला काय वाटतं, मला येत न्हाई?”

मी आबांना सांगितलं की एकदा जाऊन बघून येते. ते म्हणाले, “एका घरातली दोन माणसं एकाच गाडीचं दोनदा माप घ्याया गेली तर गिऱ्हाईक काय म्हणंल? इज्जत का सवाल है. त्यानं आणलंय त्या मापावर कर.”

मी त्या मापावर केलं. वाळू भाजली, भरली, पाइप लालबुंद करून तारेबरहुकूम वाकवले. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज पिळवटू नये म्हणून तो तशाच एका भंगारातल्या इंजिनाच्या हेडवर बोल्टांनी आवळला आणि मग चारही पाइप जोडले. चार पाइप एकात येतात ती जागा सगळ्यात किचकट असते, तिथे मी घाई केली नाही. असं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. जाताना पिशवीत वाकवलेले दोन जादा तुकडे टाकले, खाली वेढा असलेले. कुणाला सांगितलं नाही.

सांगलीला आम्ही तिघे गेलो. फ्लँज इंजिनावर असा बसला की बोल्ट हातानेच आत गेले. बागायतदारांनी गाडी चालू केली. त्या इंजिनाचा आवाज मी कानाने नव्हे, पायाच्या तळव्यांनी ऐकला. कुठे गळती नाही, कुठे फुसफूस नाही. बागायतदार आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मेजर, कमाल आहे! कोणी केलं हे?”

आबा म्हणाले, “आम्हीच. आमच्या शेडात.”

भाऊ खाली बघून हसला.

मग बागायतदारांनी गाडी बाहेर काढण्यासाठी चाक डावीकडे वळवलं. खालून टण्ण आवाज आला आणि चाक मधेच अडकलं. परत वळवलं, परत तोच आवाज. ते खाली उतरले, वाकून बघितलं. स्टिअरिंगचा दांडा तिसऱ्या पाइपाला भिडला होता.

“घाटात वळणावर हे अडलं असतं तर मी दरीत गेलो असतो,” ते शांतपणे म्हणाले. “हे कोणी केलं?”

प्रश्न तोच होता. मी आबांकडे बघत होते, भाऊ गाडीकडे बघत होता.

“पोरीनं,” आबा म्हणाले.

माप मी आणलं, एवढेच तीन शब्द भावाला बोलायचे होते. तेवढ्यासाठी मी त्याला वेळही दिला. बराच दिला.

बागायतदार माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, राग मानू नका. पण बाईमाणसावर एवढं टाकायला नको होतं. तुमचा दोष नाही, माझाच आहे.”

मी शर्ट घातला आणि गाडीखाली गेले. तिसरा पाइप करवतीने कापला, पिशवीतला तुकडा लावून बघितला. शेजारच्या गॅरेजमधून गॅस आणला, जागेवर टाके मारले, काढून पुरता जोडला, परत बसवला. चाक दोन्हीकडे पुरतं वळवलं. दांडा दोन बोटं लांबून गेला. तोवर चहा होऊन गेला होता. मी हात धुवून आले तेव्हा तिघेही खुर्च्यांवर बसले होते आणि बोलणं संपत आलं होतं.

“मग ठरलं,” बागायतदार म्हणत होते. “इथे शेडवर तुमचा मुलगा बसू दे. गिऱ्हाइकाशी बोलायला पुरुषमाणूस लागतो. माप इथे घेत जा, जोडकाम साताऱ्याला ताईंकडून करून आणा. हात चांगला आहे त्यांचा.”

“व्हय, तेच बरं,” आबा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी आबांना विचारलं, “जबान दिली होती ना?”

“जॉब बसला तर म्हणालो हुतो.”

“बसला की.”

“पहिल्या झटक्यात न्हाई बसला.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग समजूत काढल्यासारखं बोलले, “आगं, त्याला बायको हाय, उद्या पोरंबाळं हुतील. तुला काय, तू हायेसच की आमच्याजवळ.”

मागच्या सीटवर भाऊ झोपला होता, किंवा डोळे मिटून होता.

सांगलीची शेड उभी राहिली. भाऊ बायकोला घेऊन तिकडे राहायला गेला. निजायची खोली मागच्या बाजूलाच काढली होती, असं आईने सांगितलं. पाटी नवी, रंगवलेली. मी बघायला गेले नाही.

काही दिवसांनी साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आबांच्या हाती एक पुडकं दिलं. तारा होत्या. कुठल्याशा जीपचा मॅनिफोल्ड, कुठल्याशा ट्रॅक्टरची नळी. टोकांना आकडे नीट केलेले, कारण आता आकड्यांचा अर्थ भावाला कळला होता. आबांनी पुडकं माझ्यासमोर ठेवलं. “शनिवारपातुर पायजे म्हंतोय. लागतीस का लगेच?”

“लागते,” मी म्हटलं.

ते चहाला गेले. मी ऐरणीवर एकेक तार ठेवली आणि हातोडीने ठोकत सरळ केली. घाई केली नाही. एकही वाक राहू दिला नाही. सगळ्या एकत्र करून मधे सुतळीने बांधल्या आणि जिथे पुडकं होतं तिथेच ठेवल्या.

आबा आले. बघितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त हात हळूच तारांवर गेला. “हे काय केलंस?”

“वाकड्या होत्या, सरळ केल्या.”

“आता माप परत कोण आणायचं?”

“ज्याची शेड त्यानं.”

रस्त्यावर वडापवाला थांबला होता. त्याने आत डोकं घालून नेहमीचं विचारलं, “काय मेजर, शिरा झाला का?” आमचे चेहरे बघून तो गेला.

शर्ट आबांचा होता. मी तो काढला, घडी केली आणि बाकड्यावर ठेवला. दुसऱ्या आठवड्यात कोरेगावात एका खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडे कामाला लागले. नंतर तिथेच स्वतःचं दुकान काढलं, ते अजून आहे. जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे करते. गाडीला हात लावत नाही. लोक कधी विचारतात, सायलेन्सर जोडून द्याल का. मी नाही म्हणते. पुढे साताऱ्याच्या रस्त्याला एक शेड आहे, तिथे विचारा, असं सांगते. ती अजून चालू आहे की नाही, ते मात्र मला माहीत नाही.